किरकोळ खर्च

विहिरीचा फूटव्हॉल्व्ह चोकअप झाला ऐन भाद्रपदात.
प्लंबरनं गाळासकट जे वर काढलं
ते कमरेइतकं लांब, मनगटाहून जाड,
आणि तो ओरडला, साप!

सी विंगच्या अभ्यंकरबाईंनी नारळ आणायला धाडलं.
चेअरमन म्हणाले, फायर ब्रिगेड.
गेनूभाऊ मल्लाव, आमचा रात्रीचा वॉचमन,
झोपमोड झालेला, कानावरची बिडी तशीच ठेवून वाकला :
साप कसला. अहेर आहे.
माझ्या बापानं सोडलेला, उजनीला पाणी अडलं त्याच्या आदल्या साली.
बोटाएवढा होता.
विहिरीत अहेर असला की पाण्यात किडा राहत नाही.
आम्ही तेव्हा इथंच राहायचो.
म्हणजे आता बी विंग आहे तिथं.

मी खजिनदार. मनात आकडेमोड केली :
सोसायटीपेक्षा एकवीस वर्षांनी मोठा.

तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू रेहाना बागवान
(झूलॉजी, शेवटचं वर्ष, मेंटेनन्स कायम उशिरा)
मोबाइलचा उजेड पाडत म्हणाली,
हा नव्हे. ही.
डोळे बघा. एवढे मोठे डोळे खोल पाण्याला लागतात.
पोट रुपेरी झालंय. आता ही काही खाणार नाही.
समुद्रात जायचं ठरलंय हिचं.
कुणी ठरवलं?
ते नाही माहीत, काका.
अंडी नेमकी कुठं घालतात, तेही कुणी पाहिलेलं नाही.

रात्री निळ्या ड्रममध्ये ठेवली, माझ्या पार्किंगमध्ये.
वर जाळी, जाळीवर वीट.
अकराला पाहिलं, तोंड लिफ्टकडे.
मी ड्रम अर्धा फिरवला.
ती आतल्या आत वळली. तोंड लिफ्टकडे.
दोनला परत खाली आलो, परत फिरवला.
तेच.
लिफ्ट पूर्वेला आहे. वास्तुवाल्यानं हरकत घेतली होती.

मला वाटत होतं, कोकण जवळ.
ताम्हिणी उतरलं की तीन तासांत समुद्र.
गेनूभाऊ म्हणाला, तो हिचा रस्ता नाही.
मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला.
आपलं पाणी मावळतीला जातच नाही, साहेब.
जन्म पुण्यात गेला माझा.
समुद्र म्हटलं की मी पश्चिमेकडे बघतो.

रेहाना बोटांवर भिंती मोजत होती :
उजनी, सोन्ना, जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर.
दुसरा हात सुरू झाल्यावर थांबली.
बंडगार्डनला नदीवर फेस होता, गुडघाभर,
त्यात एक चप्पल आणि जलपर्णी.
तिथं सोडायचं कुणी सुचवलंही नाही.

मग टेम्पो. सोलापूर रोड.
ड्रमवर ओलं गोणपाट, गोणपाटावर गेनूभाऊचा हात,
यवत, भिगवण, इंदापूर, कुठंच न काढलेला.
धरणाच्या भिंतीखाली ड्रम कलता केला.
ती दगडाच्या सावलीत क्षणभर थांबली,
जसं कुणी उंबऱ्यात थांबून किल्ली चाचपतं.
नंतर नुसता दगड.
गेनूभाऊनं हात धुतले नाहीत.
बुळबुळीत हातानंच त्यानं बिडी काढली,
पेटली नाही ती.

पुढं अजून पाच भिंती.
आमच्या टेम्पोवाल्याला जुराला माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये ऑडिटर आला. चष्मा नाकावर, बोट ओळीवर :
किरकोळ खर्च. टेम्पो, पुणे ते उजनी, साडेचार हजार.
तपशील : अहेर, एक नग.
लग्न कुणाचं होतं?
आपल्या विहिरीकडचं.
तो हसला नाही. कार्यालय कुठलं?
लांब आहे. पत्ता कुणाकडेच नाही.
त्यानं लाल पेन उघडलं,
म्हणाला, शुद्धलेखन तरी बघत जा,
आणि माझ्या ‘अ’ला एक काना देऊन
सही केली.